मागची बाजू आधी पाहावी

(हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री शशिकला यांची सुरुवातीच्या काळातील छायाचित्रे जमवणाऱ्या सोलापूरच्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.)

प्रश्न : माझे चुलते गिरणीत नोकरीला होते आणि संध्याकाळी एका टॉकीजमध्ये डोअरकीपरचे काम करत. त्यांच्या पश्चात पत्र्याच्या ट्रंकेत एकोणीस फोटो निघाले. त्यांतल्या पोस्टकार्ड आकाराच्या एका फोटोत परकर-पोलके घातलेली पाच-सहा वर्षांची मुलगी रंगवलेल्या पडद्यापुढे नाचाच्या पवित्र्यात उभी आहे. ‘ही आपल्या सोलापूरची शशिकला’ असे चुलते नेहमी सांगत. बाकीचे फोटो सिनेमांचे आहेत. मुलीचा फोटो खरोखरच शशिकला यांचा आहे, याची खात्री कशी करावी? (एक वाचक, साखर पेठ)

उत्तर : आपण फोटोची पुढची बाजू पाठवली आहे, मागची पाठवलेली नाही. बहुतेक पत्रलेखकांचे असेच होते, कारण आपल्याला चेहऱ्याची ओढ असते. परंतु जुना फोटो हातात आल्यावर तो आधी उलटा करावा आणि चेहऱ्याकडे शेवटी यावे, असा माझा अनुभव आहे.

चुलत्यांचे म्हणणे अशक्य कोटीतले नाही, हे प्रथम सांगतो. शशिकला जवळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ रोजी सोलापुरात भावसार शिंपी कुटुंबात झाला आणि पाच वर्षांच्या होईपर्यंत त्या जिल्ह्यातल्या अनेक गावांत रंगमंचावर नाचल्या, गायल्या होत्या. पुढे वडिलांचा व्यवसाय बुडाला आणि हे कुटुंब कामाच्या शोधात मुंबईला गेले. म्हणजे सोलापुरात काढलेला त्यांचा बालपणीचा फोटो असायचाच झाला, तर मुलीचे वय पाहता तो साधारण १९३७-३८ च्या सुमाराचा असायला हवा. आपल्या फोटोचा कागद, शिक्का आणि कड या काळात बसतात का, एवढेच आधी पाहायचे.

मागे स्टुडिओचा शिक्का असेल, तर तो भिंगाखाली नीट वाचावा. पत्त्यात पिनकोड असेल, तर ती प्रत १५ ऑगस्ट १९७२ नंतरची आहे, कारण त्या दिवसापासूनच देशात पिनकोड सुरू झाला. शहराचे नाव इंग्रजी वळणाने ‘शोलापूर’ असे असेल, तर आनंद व्हावा, परंतु लगेच निष्कर्ष काढू नये. नाव बदलले म्हणून कोणी रबरी शिक्का फेकून देत नाही, आणि आपल्या नव्या पेठेतल्या कित्येक दुकानांच्या पावत्यांवर ते वळण पुढेही पुष्कळ वर्षे टिकले. कागदाच्या कंपनीचे नाव पुसट अक्षरांत छापलेले असेल, तर ते अधिक उपयोगी पडते. ‘इंदू’ हे नाव दिसले, तर कागद उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा आहे आणि ती कंपनीच १९६० साली स्थापन झाली. ‘आग्फा’ आणि ‘गेव्हर्ट’ ही दोन नावे जोडून आली असतील, तर कागद १९६४ नंतरचा, कारण त्या वर्षी त्या दोन कंपन्या एकत्र आल्या. यांतले काहीही आढळले, तरी फोटो खोटा ठरत नाही. जुन्या फोटोची नंतर काढलेली प्रत आपल्या हाती आहे, इतकाच त्याचा अर्थ होतो.

आता मागे लिहिलेल्या नावाविषयी. येथे संग्राहक हमखास फसतो. एखाद्या मुलीचा फोटो ती सहा वर्षांची असताना काढला, तेव्हा ती पुढे नटी होणार हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे त्या वेळी मागे लिहिले गेलेच, तर घरातले लाडाचे नाव, मेळ्याचे (गणेशोत्सवात नाच-गाणी सादर करणाऱ्या गटाचे) नाव किंवा ‘गणेशोत्सव’ एवढेच लिहिले जाते. याउलट ‘सिनेनटी शशिकला’ असे ठसठशीत लिहिलेले असेल, तर ते नाव प्रसिद्धीनंतर कोणीतरी आठवणीवरून लिहिलेले आहे. आणि ते बॉलपेनने लिहिलेले असेल, तर फोटो व अक्षर एका काळातले नाहीत, हे उघडच झाले. त्या काळी सोलापुरात गणेशोत्सवातले मेळे गल्लोगल्ली होते. प्रत्येक मेळ्यात परकर-पोलके घातलेल्या मुली होत्या आणि फोटोग्राफरकडचा रंगवलेला पडदा सर्वांना एकच असे.

माझ्याच घरातले उदाहरण देतो, म्हणजे हे केवळ तत्त्वज्ञान वाटणार नाही. माझ्या संग्रहात असाच एक फोटो बारा वर्षे होता आणि पाकिटावर मी मोठ्या अभिमानाने ‘शशिकला, मेळ्यातील पोशाख’ असे लिहिले होते. एकदा बाळीवेशीतल्या एका घरी दुसऱ्याच कामासाठी गेलो असता तो सोबत होता, म्हणून दाखवला. त्या घरातल्या नव्वदी ओलांडलेल्या आजींनी तो डोळ्यांजवळ धरला आणि ‘ही मी’ असे शांतपणे सांगितले. माझा विश्वास बसेना. तेव्हा त्या म्हणाल्या की, दंडावरच्या वाकी उसन्या होत्या, दंडाला ढिल्या होत होत्या, म्हणून आईने त्या आतल्या बाजूने सुतळीने आवळल्या होत्या. घरी येऊन मी भिंग लावले. डाव्या दंडाखाली, सावलीच्या कडेला, सुतळीच्या गाठीची दोन टोके स्पष्ट दिसत होती. बारा वर्षांत मी तो फोटो शंभर वेळा तरी पाहिला असेन, परंतु चेहऱ्याखाली नजर गेलीच नव्हती. मूळ फोटो मी आजींच्या घरी दिला आणि स्वतःकडे प्रत ठेवली.

म्हणून आपण आता पुढीलप्रमाणे करावे. एकोणीसही फोटोंना क्रमांक द्यावेत, परंतु ते फोटोवर न घालता पाकिटावर घालावेत. ट्रंकेत कोणता फोटो कोणत्या फोटोशेजारी किंवा कोणत्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, हे आठवते तोवर लिहून काढावे. वर्तमानपत्राचा तुकडाही टाकू नये, त्यावर तारीख असते. चुलते नेमके काय म्हणत, ते त्यांच्याच शब्दांत, कोणासमोर म्हणत याच्या नोंदीसह लिहावे. ते शशिकला यांच्या शेजारी राहत होते का, त्यांनी त्यांना लहानपणी पाहिले होते का, की टॉकीजमध्ये कोणाकडून ऐकले होते, यावर त्या वाक्याचे वजन ठरेल. चेहरा जुळवायचाच असेल, तर हसू किंवा डोळे जुळवू नयेत, ते सर्वांना जुळतात. कानाची ठेवण, कानाची पाळी गालाला कशी मिळते, कपाळावरची केसांची रेषा, एवढेच पाहावे, आणि तेही १९५३ च्या ‘तीन बत्ती चार रास्ता’ या चित्रपटापर्यंतच्या त्यांच्या फोटोंशी. इतके करूनही बहुतेक वेळा उत्तर ‘बहुधा’ असेच येते. ते तसेच पेन्सिलीने पाकिटावर लिहावे. ‘बहुधा’ लिहिलेला फोटो मला खात्रीच्या खोट्या नावापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

बाकीचे अठरा फोटो सिनेमाचे आहेत, म्हणून ते दुय्यम समजू नयेत. आपले चुलते डोअरकीपर होते, तेव्हा ते फोटो बहुधा टॉकीजच्या दर्शनी काचेच्या कपाटातले असणार. चारही कोपऱ्यांना ड्रॉइंग पिनांची भोके आणि भोकांभोवती गंजाची तांबूस कडी असतील, तर शंकाच नको. हे फोटो पुढच्या गावी जायचे असत. काही मागेच राहत, आणि ते कोणाच्या ट्रंकेत जात, हे आपण जाणताच. ती भोके बुजवू नयेत, कारण फोटो कोठे होता याचा तोच दाखला आहे.

प्रश्न : मुंबईच्या एका व्यापाऱ्याने ‘झीनत’ या चित्रपटाचा कव्वालीच्या प्रसंगाचा फोटो दाखवला. ‘१९४५ चा अस्सल, शशिकला यांचा पहिला’ असे सांगून तो अठरा हजार रुपये मागतो. घ्यावा का? (एक वाचक, सात रस्ता)

उत्तर : यात दोन स्वतंत्र दावे आहेत आणि ते वेगवेगळे तपासावे लागतील.

पहिला दावा व्यक्तीविषयीचा. शौकत हुसैन रिझवी यांच्या ‘झीनत’मधल्या कव्वालीत शशिकला होत्या आणि त्या कामाचे त्यांना पंचवीस रुपये मिळाले होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु तो प्रसंग एकटीचा नाही. स्त्रियांची ती मैफल आहे, तिच्यात गायिका-अभिनेत्री नूरजहाँ यांचा आवाज आहे आणि पुढे नटी म्हणून नावारूपाला आलेल्या श्यामाही आहेत. शशिकला आणि श्यामा दोघी त्या वेळी कोवळ्या वयाच्या, ओढणी डोक्यावर, आणि फोटो लांबून काढलेला. त्यामुळे श्यामांवर बोट ठेवून ‘या शशिकला’ असे सांगितले गेले, तर नवल नाही. व्यापाऱ्याला फक्त ‘यांतल्या शशिकला कोणत्या?’ असे विचारावे आणि तो किती पटकन उत्तर देतो ते पाहावे. नंतर घरी चित्रपटातला तो प्रसंग थांबवून थांबवून पाहावा आणि बसण्याचा क्रम जुळवावा.

दुसरा दावा कागदाविषयीचा. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि किराणा दुकानात नोटा तपासायला ठेवतात तो निळा दिवा, एवढे पुरते. भिंगाखाली चित्र बारीक ठिपक्यांच्या ओळींनी बनलेले दिसले, तर तो फोटोच नव्हे, छापील पान आहे, आणि मासिकातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेले असू शकते. ठिपके नसतील, तर फोटो अंधाऱ्या खोलीत निळ्या दिव्याखाली उलटा धरावा. साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यापासून फोटोच्या कागदात तो शुभ्र दिसावा म्हणून चमक आणणारी द्रव्ये घालू लागले; असा कागद या दिव्याखाली नीळ दिलेल्या धोतरासारखा निळसर पांढरा उजळतो. तो उजळला, तर ती प्रत १९४५ ची नाही. मात्र उजळला नाही, म्हणून ती १९४५ चीच ठरते असे नव्हे, कारण नंतरच्याही काही कागदांत ही द्रव्ये नसत. कागद हाताला मेणकापडासारखा लागत असेल आणि कडेला प्लॅस्टिकचा पापुद्रा दिसत असेल, तर तो १९७० च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा समजावा. आणखी एक खूण मला विशेष आवडते. फोटोत घडी किंवा चीर दिसते, परंतु बोट फिरवले असता ती हाताला लागत नाही; म्हणजे घडी पडलेल्या जुन्या फोटोचा पुन्हा फोटो काढलेला आहे. याउलट काळ्या भागांच्या कडेला, फोटो तिरका धरला असता, चांदीसारखी निळसर झळाळी दिसली, तर ते वयाचे चांगले लक्षण आहे. ती पुसून काढू नये.

रिझवी आणि नूरजहाँ फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. त्यामुळे ‘झीनत’ आणि त्याच दिग्दर्शकाचा १९४७ चा ‘जुगनू’ (यातही शशिकला आहेत) यांचे साहित्य शोधणाऱ्याने उर्दू मासिकांकडे दुर्लक्ष करू नये. हे आपल्याला सोलापुरात बसून करता येते.

अठरा हजारांचे म्हणाल, तर फोटो दोन दिवस घरी नेऊन तपासू देत नसेल, त्या व्यापाऱ्याकडून मी अठराशेलाही घेणार नाही.

प्रश्न : आमच्या सासूबाईंनी शशिकला यांचे पंधरा-वीस फोटो व मासिकांतली कात्रणे चिकट पानांच्या अल्बममध्ये लावली होती. आता पाने पिवळी पडली आहेत आणि फोटो निघत नाहीत. केस वाळवायच्या ड्रायरने ऊब द्यावी, असे एकाने सुचवले. एक फोटो मुलाने लॅमिनेट करून आणला आहे. (एक वाचक भगिनी, नवी पेठ)

उत्तर : ड्रायर वापरू नये. उष्णतेने फोटोवरचा जिलेटिनचा थर खराब होऊ शकतो. प्रथम प्रत्येक पान आहे त्या स्थितीत स्कॅन करावे. नंतर दात साफ करायचा दोरा फोटोच्या एका कोपऱ्याखाली घालून, दोन्ही टोके धरून, करवतीसारखा अलगद मागेपुढे सरकवत न्यावा. जेथे अडेल तेथे थांबावे आणि अडलेला फोटो पानासकट कापून ठेवावा. मागे पुठ्ठ्याचा तुकडा राहिला तरी बिघडत नाही. हे काम डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास करावे. एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, अल्बम उघडण्याच्याही फंदात पडू नये.

लॅमिनेट केलेला फोटो तसाच ठेवावा, तो सोडवण्याचा प्रयत्न करू नये. मुलाला रागावू नये, त्याने प्रेमाने केले आहे.

सुटे झालेले फोटो पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवावेत. ज्या प्लॅस्टिकला नव्या रेनकोटसारखा वास येतो, ते वापरू नये. कात्रणे आणि फोटो एकत्र ठेवू नयेत; मासिकाच्या कागदातले आम्ल शेजारच्या फोटोला पिवळे करते. डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला, कापूर यांपैकी काहीही पाकिटात टाकू नये. गच्चीखालची, दुपारी तापणारी खोली आणि पत्र्याचे छप्पर टाळून तळमजल्यावरच्या आतल्या भिंतीशी, जमिनीपासून हातभर उंचीवर पेटी ठेवावी, आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर लागली आहे का, ते पाहावे. सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती पेटीला बाहेरून गुंडाळायला चांगली, परंतु फोटोला प्रत्यक्ष लावू नये, रंग लागतो.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. माझ्याकडे एकही मूळ फोटो नाही आणि पैसेही बेताचे आहेत. सुरुवात कोठून करू? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : फोटो विकत घेण्यापासून सुरुवात करू नका, म्हणजे पुढे पैसे वाचतील. इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर ‘फिल्मइंडिया’ या १९३५ साली सुरू झालेल्या मासिकाचे कित्येक अंक फुकट वाचता येतात. त्यातल्या १९४५ ते १९५० च्या जाहिराती चाळाव्यात आणि शशिकला यांचे नाव किंवा चेहरा कोठे येतो, याची वही करावी. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, जे १९६४ साली स्थापन झाले, चित्रपटांबरोबर स्थिरचित्रे, पोस्टर आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपल्या जातात. नेमका चित्रपट आणि वर्ष सांगून गेलात, तर तेथे वेळ वाया जात नाही.

सोलापुरात रद्दीवाल्यांशी ओळख वाढवावी, भागवत किंवा गेंट्याल टॉकीजसारख्या ठिकाणी ज्यांनी काम केले अशी वयस्कर मंडळी कोण आहेत, ते विचारावे आणि जुन्या पेंटरांना भेटावे. मोठी पोस्टर रंगवताना पेंटर समोर फोटो ठेवत आणि त्यावर पेन्सिलीने चौकटी आखत. असा चौकटी आखलेला फोटो मिळाला, तर चौकटी पुसू नयेत. आपल्या गावात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे आहेत, याचा लाभ घ्यावा. उर्दू वाचणारा एक मित्र हजार रुपयांच्या फोटोपेक्षा अधिक मिळवून देईल. गाण्यांच्या पुस्तिका अजून स्वस्तात मिळतात. किंमत आण्यांत छापलेली असेल, तर पुस्तिका साधारण १९५७ च्या आधीची. ‘नये पैसे’ असतील, तर १९५७ ते १९६४ मधली.

१९६० नंतरचे फोटो मुबलक आहेत. ‘आरती’ (१९६२) आणि ‘गुमराह’ (१९६३) या दोन्हींसाठी त्यांना फिल्मफेअरचा साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, त्यामुळे त्या काळात त्यांचे फोटो पुष्कळ छापले गेले. ते आधी जमवावेत, डोळा तयार होतो.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत संग्रहातले फोटो छापता येतील का? (वाचनालयाचे एक कार्यकर्ते, मंगळवार पेठ)

उत्तर : कागद आपल्या मालकीचा असणे आणि तो छापण्याचा हक्क असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाल्यापासून छायाचित्रांना छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे संरक्षण मिळते. त्याआधीच्या फोटोंना ते कधी आणि कोणत्या तरतुदीखाली काढले व प्रसिद्ध झाले, यावर मुदत ठरते. म्हणून स्टुडिओ किंवा निर्मिती संस्था ठाऊक असेल, तर त्यांच्या वारसांची लेखी परवानगी घ्यावी, आणि वकिलाला एकदा कागद दाखवावा. ज्यांच्या घरातून फोटो आला, त्यांचे नाव छापण्याआधी त्यांनाही विचारावे.

प्रश्न : मोबाइलमधून जुने फोटो रंगीत करता येतात. करावेत का? (एक वाचक, होटगी रस्ता)

उत्तर : हौसेखातर प्रतीवर जरूर करावेत, परंतु रंगीत केलेली प्रत मूळ स्कॅनच्या जागी साठवू नये आणि कोणाला पाठवताना ‘नंतर रंगवलेला’ असे लिहावे. वर उल्लेख केलेल्या आजींच्या नातवाने त्यांचा मेळ्यातला फोटो असाच रंगवून आणला होता. मोबाइलने पोलके गुलाबी केले. आजींनी ते बराच वेळ पाहिले आणि सांगितले की, ते हिरव्या खणाचे होते, आणि खणही उसनाच होता.